पॉलिश मारणे

जावयाने साठीला घड्याळ दिलं.
डबा उघडला तर पट्ट्याच्या एकवीस कड्या
आणि एकवीस वेळा मी,
चपटा, नाक फेंदारलेला.
सगळे हसले. मीही.

तिसऱ्या दिवशी सिलिंडर आत घेताना
कडीवर चरा गेला.
बारीकच, नखालाही लागणार नाही.
पण आरशावरचा चरा म्हणजे
लग्नात उसवलेली काख;
अक्षता टाकायला हात उचलला
की दिसलीच.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
मी पितळी नळ चमकवले,
दिवसाला दोनशे.
आधी काथ्याचं चाक, मग कापडाचं, मग हिरवा साबण,
संध्याकाळी थुंकी काळी.
डाबरे फोरमन नळ उचलून वर धरायचा
आणि नळाच्या अंगावरची ट्यूबलाइट बघायचा.
ट्यूब सरळ, तर माल पास.
कुठे लचकली, तर म्हणायचा,
“बाबा, ही नागीण कुणाच्या बाथरूमात सोडतोस?”

त्यातला एकही नळ आमच्याकडे नाही.
सावरकरनगरच्या मोरीत प्लास्टिकचा आहे,
निळ्या चकतीचा.
तक्रार नाही, आपलं सांगितलं.

रविवारी दुपारी ही झोपल्यावर
ओट्यावरची नवी हिरवी घासणी पळवली.
काचेला चिकटपट्टी, कड्यांच्या कडांना चिकटपट्टी,
पाटावर फडकं, फडक्यावर पट्टा,
आणि हात भरकटू नये म्हणून
नातवाच्या दप्तरातली स्टीलची फूटपट्टी.

नियम एकच.
वरून खाली. उचल. पुन्हा वरून.
परत येताना टेकायचं नाही.
येता-जाता घासलं की भांडं होतं.

बोटांना आता फारसं कळत नाही.
चाकाने इतकी वर्षं थरथरवून
टोकं पांढरी करून ठेवलीत,
चहा गरम आहे हे मला ओठांनी समजतं.
म्हणून कानाने काम.
सर्र आलं तर बरोबर,
खर्र आलं तर जोर जास्त.
सर्र. उचल. सर्र.

नवव्या कडीवर हात सुटला,
रेघ तिरकी गेली.
तिच्यावर चाळीसेक सरळ रेघा ओढल्या
तेव्हा कुठे ती गर्दीत मिसळली.
सिलिंडरचा चराही असाच गेला.
म्हणजे गेला नाही,
बाकीची कडीच त्याच्यासारखी झाली.

कारखान्यात आम्ही म्हणायचो पॉलिश मारणे.
हाक मारणे, रंग मारणे, तसंच.
एकतीस वर्षं मारलं
आणि दर वेळी ते जिवंत झालं.
आज मारलं, तर मेलं.

ही उठली. आधी घासणी बघितली,
राखाडी झालेली. मग घड्याळ.
चष्मा शोधून आणून पुन्हा घड्याळ.
“अहो, नवं होतं ना?
राखेनं घासल्यासारखं दिसतंय.
निमिषला काय सांगणार?”
याचं उत्तर माझ्याकडे नाही.
दिवाळीला अजून दीड महिना आहे.

बकलाला मात्र हात लावलेला नाही.
त्याचं आतलं पातं, घडीत मिटणारं,
नाडीवर टेकतं, कुणाला दिसत नाही.
रात्री भांडी झाल्यावर
ते ट्यूबलाइटखाली धरलं,
थोडं डावीकडे कललं,
सवयीने एक डोळा मिटला.

ट्यूब मधेच लचकली.

एवढीशीच. दुसऱ्या कुणाला दिसली नसती.
जेवणाची सुट्टी व्हायला आली असेल,
किंवा कापड झिजलेलं असेल,
किंवा कुठल्याशा देशात कुणाच्या तरी
बोटांची टोकं पांढरी व्हायला लागली असतील.

उजेडात अजून एकदा फिरवून बघितलं.
मग पातं मिटलं.

पास.